अप्पांची सही

“सही कधी केली त्याने?” बुवांनी विचारलं.

“तीन वर्षांपूर्वी. खाली तारीख आहे की.”

“तारीख दिसते मला. मी सहीचं विचारतोय.”

श्रीकर हसला. वकील माणूस. उत्तर नसलं की हसायचं, हे अंगवळणी पडलेलं. “बुवा, तुम्ही अजून तसेच आहात,” असं म्हणून तो घोंगडीवर मांडी घालून बसला.

बुवांनी कागद मांडीवर ठेवला. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. त्यांना कशाचीच घाई नव्हती.

नागनाथबुवा नदीकाठच्या या मठीत राहायला आले ते सत्तरी उलटल्यावर. त्याआधी एकतीस वर्षं ते निंबगव्हाणच्या नोंदणी कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून दस्त लिहीत होते. तालुक्यातली अर्धी घरं कुणाची आहेत, हे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. लोक अजूनही मठीत येतात. त्यातले दोन-चार देवासाठी येतात, बाकीचे कागद वाचून घ्यायला.

श्रीकर निरगुडे हा त्यांचा शेवटचा शिष्य. वकिलीची परीक्षा पास होऊन आला, तेव्हा वडिलांनी त्याला सहा महिने बुवांच्या टेबलाशी बसवलं होतं. “कायदा कॉलेजात शिकलो, कागद बुवांपाशी,” असं तो सत्काराच्या भाषणांत सांगायचा. मनातून मात्र आपण गुरूच्या दोन पावलं पुढे गेलोय, अशी त्याची खात्री होती. बनावट दस्तांच्या खटल्यांत त्याचं नाव होतं आणि याच वर्षी त्याने तसे दोन आरोपी सोडवूनही आणले होते.

आज तो वडिलांचं मृत्युपत्र घेऊन आला होता. अप्पा निरगुड्यांना जाऊन वीस दिवस झाले होते.

मजकूर जेमतेम अर्धं पान. घरामागच्या, गल्लीकडे दार असलेल्या दोन खोल्या माझ्या पश्चात हौसाबाई सरगर हिला द्याव्यात, हिने माझं सगळं केलं आहे. खाली सही. सहीखाली साक्षीदारांच्या दोन जागा. एकीवर पोस्टातून निवृत्त झालेल्या मान्यांनी सही केली होती. माने समोर येईल त्या कागदावर सही करतात, विचारत नाहीत.

दुसरी जागा कोरी होती. ती बुवांसाठी होती.

हौसाबाईही बरोबर आली होती. रिकामं बसणं तिला जमत नाही. मठीत आल्या आल्या तिने मेथीची जुडी शोधली आणि अंगणापलीकडच्या पायरीवर बसून निवडायला घेतली. तिथवर इकडचं बोलणं पोचत नव्हतं.

नऊ वर्षं तिने अप्पांचं केलं. सुरुवातीला नुसता स्वयंपाक. शेवटची दोन वर्षं अप्पांची उजवी बाजू गेली, तेव्हा भरवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं. तिचं गावाकडचं घर दिराने केव्हाच बळकावलं होतं. आता श्रीकरच्या बायकोने, शर्वरीने, मागच्या खोल्या भावाच्या शिकवणी वर्गासाठी कबूल केल्या होत्या आणि महिनाअखेर त्या रिकाम्या व्हायच्या होत्या. त्यानंतर हौसाबाईने कुठे जायचं, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. ते उत्तर म्हणून हा कागद.

“अप्पाचं अक्षर सुरेखच,” बुवा म्हणाले.

“होतंच ना. ताडून बघायची असेल तर मूळ सही आणलीये.” श्रीकरने पिशवीतून जुनं खरेदीखत काढलं. “घर घेतलं तेव्हाचं. तुम्हीच लिहिलेलं. हिच्याहून चोख नमुना कुठे मिळणार?”

बुवांनी खरेदीखत हातात घेतलं. आपलंच सव्वीस वर्षांपूर्वीचं अक्षर त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग एक कागद दुसऱ्यावर ठेवला, सहीवर सही आणली आणि दोन्ही मिळून उन्हाकडे धरले.

सकाळचं ऊन कागदांतून आरपार आलं.

दोन सह्या होत्या, पण दिसत होती एकच. ‘नि’ची वेलांटी वेलांटीवर, शेवटचा फराटा फराट्यावर. कुठेही केसभर फरक नव्हता.

“बघ,” बुवा म्हणाले.

श्रीकरने पाहिलं. “जुळतेच आहे की,” तो म्हणाला खरा, पण निम्म्या वाक्यात त्याचा आवाज बसला.

“इथे फराटा तुटलाय. दिसतोय? माझ्या टाकाचं नीब कागदाला अडलं होतं. अप्पा म्हणाला, नागनाथा, टाक बदल आता.” बुवांनी वरचा कागद बोटाने ठोकला. “हा बॉलपेनने लिहिलाय. बॉलपेन कागदाला अडतं का रे? आणि अडलं तरी इतक्या वर्षांनी त्याच ठिकाणी?”

एवढा मोठा वकील, बनावट सह्यांच्या उलटतपासण्या घेणारा, आणि ज्या कागदावरून सही गिरवली तोच पुरावा म्हणून बरोबर घेऊन आला. अडाणी चोराच्या हातून असं होत नाही. ज्याला आपल्या हुशारीबद्दल शंकाच उरलेली नसते, त्याच्याच हातून होतं. नमुना जितका जवळचा तितकी साक्ष पक्की, हा त्याचा कोर्टातला हिशेब. तो इथे त्याच्यावरच उलटला.

श्रीकरने घाम पुसला. पण गडी हार मानणारा नव्हता.

“बरं. तुमच्यापासून काय लपवायचं? सही मी केली. पण बुवा, नुसती दुसऱ्याची सही केली म्हणून बनावटीचा गुन्हा होत नाही.”

“असं?”

“नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण घटक तेच आहेत.” त्याने तीन बोटं वर केली. कोर्टात करायचा तशीच. “आधी दस्त खोटा हवा. मग त्यामागे हेतू वाईट हवा. आणि पुढे तो खरा आहे म्हणून कुणी वापरायला हवा. पहिल्याच बोटावर मी भांडेन. यातला मजकूर खोटा नाही. अक्षर न् अक्षर खरं आहे.”

बुवांनी मान हलवली. “एकाने लिहून दिलं, माझी म्हैस रोज चाळीस लिटर दूध देते. खाली स्वतःची सही. म्हैस देते चार. कागद बनावट का?”

“नाही. तो खोटं बोलला. पण कागद त्याचाच आहे.”

“पक्कं?”

“पक्कं. पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. कागद ज्याचा म्हणून पुढे येतो त्याचाच असला, तर आत थापा असल्या तरी तो बनावट होत नाही.”

“आणि आतलं सगळं खरं, पण कागद ज्याचा म्हणून पुढे येतो त्याचा नाहीच... मग? बोल की. पहिल्या वर्षाचं पोरगं काय सांगेल?”

“बनावट,” तो म्हणाला. एक बोट आपोआप खाली गेलं.

पलीकडे हौसाबाईने मेथीची एक जुडी संपवून दुसरी सोडली. बुवांनी खरेदीखत नीट घडी घालून श्रीकरला परत दिलं. मृत्युपत्र मात्र मांडीवरच ठेवलं.

“पण हेतू?” श्रीकर सावरून बसला. “कुणाचं नुकसान करायचा हेतू लागतो. तो दाखवा माझ्यात.”

“कलमात तेवढंच लिहिलंय?”

“किंवा...”

“हां. किंवा?”

“किंवा एखादा हक्क उभा करायचा हेतू.” हे तो जरा हळू म्हणाला. पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. ते वाक्य तो विसरला नव्हता, फक्त घरून निघताना बरोबर घेतलं नव्हतं. “पण हक्क खराच आहे, बुवा! पाडव्याला अप्पा काय म्हणाले, ते तुम्ही स्वतः ऐकलंत. मी उभा होतो, तुम्ही खाटेशी बसला होतात. हौसाला मागच्या खोल्या राहू देत, असं म्हणाले की नाही?”

“म्हणाला.”

“मग करा सही. खोटी साक्ष होत नाही ही.”

“ऐकल्याची साक्ष देतो. ‘मी ऐकलं’ असं लिही, खाली सही करतो.”

“त्याला कोर्टात किंमत नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदाराने सही होताना पाहावी लागते, किंवा लिहिणाऱ्याने स्वतः त्याला सांगावं लागतं, की ही माझी सही.”

“मी काय पाहिलं? तुला सही करताना तरी पाहिलं असतं, तर काहीतरी लिहिता आलं असतं,” बुवा म्हणाले आणि स्वतःच खुदकन हसले.

श्रीकरला हसू आलं नाही. आता त्याला राग यायला लागला होता. आपण एका म्हातारीला छप्पर द्यायला निघालोय आणि हे इथे शब्दांचा कीस काढत बसलेत, असं त्याला वाटलं. खरं तर कीस काढायला त्यानेच सुरुवात केली होती. पण रागावलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

“मी कुणाचं काय काढून घेतोय?” तो म्हणाला. “अप्पांना वारस मी एकटा. आई नाही, भाऊ नाही, बहीण नाही. खोल्या आज माझ्याच आहेत. कागद खोटा ठरला तर त्या मलाच मिळतात. स्वतःची वस्तू घालवायला कुणी बनावट करतं का? असला आरोपी बघितलाय कुणी?”

“खोल्या तुझ्या?”

“माझ्या.”

“आजच्या तारखेला?”

“अप्पा गेले त्या क्षणापासून.”

“मग तूच दे की.”

हे श्रीकरला सुचलं नव्हतं असं नाही. वीस दिवसांत दोन-तीनदा सुचलं होतं आणि दर वेळी त्याने ते बाजूला सारलं होतं.

“बक्षीसपत्राला शुल्क लागतं,” तो म्हणाला. “ती नात्यातली नाही. पूर्ण भरावं लागेल. मृत्युपत्राला काही लागत नाही.”

“मागच्या महिन्यात नवी गाडी घेतलीस म्हणे.”

“बुवा...”

“पांढरी आहे ना? चांगली आहे. अंगणात लावलीस ती दिसते इथून.”

श्रीकरने मान खाली घातली. “शर्वरीला काय सांगू? तिने भावाला शब्द दिलाय. अप्पांनीच लिहून ठेवलंय म्हटलं, की ती दोन दिवस धुसफुसेल आणि गप्प होईल. मी दिलं म्हटलं तर जन्मभर ऐकावं लागेल. आणि लोक आहेतच. परक्या बाईला घर का दिलं, ती अप्पांची कोण होती, असं विचारतील.”

“मृत्युपत्र निघालं तर नाही विचारणार?”

“विचारतील. पण...”

“पण अप्पा उत्तर द्यायला नाही.”

श्रीकरला लाज वाटली, अगदी उघड वाटली. आपण वडिलांची इच्छा पुरी करतोय, असं वीस दिवस तो स्वतःला सांगत होता. इच्छा पुरी होत होती, यात खोटं काही नव्हतं. पण बायकोचा राग, मेहुण्याचे टोमणे, गल्लीतली कुजबुज, हे सगळं त्याने गुपचूप मेलेल्या बापाच्या नावावर चढवून दिलं होतं.

पण लाज वाटली की काही माणसं जास्तच मोठ्याने बोलतात.

“ठीक आहे!” तो म्हणाला. “मी भित्रा आहे, मान्य. पण भित्रेपणा हा गुन्हा नाही. फसवणुकीला फसलेला माणूस लागतो, बुवा. मेलेल्या माणसाला कुणी फसवू शकत नाही. मी स्वतःला फसवलेलं नाही. या कागदाने फसलेला एक माणूस दाखवा. एक! दाखवलात तर इथल्या इथे फाडतो.”

बुवांनी हात उचलला आणि अंगणापलीकडे बोट केलं.

पायरीवर हौसाबाई मेथीच्या काड्या गोळा करत होती.

“हौसाबाई,” बुवांनी हाक मारली, “जरा इकडे या.”

ती पदराला हात पुसत आली आणि खाली जमिनीवर बसली.

“हा कागद कुणी केला, हौसाबाई?”

“अप्पांनी.”

“तुम्हांला अप्पा कधी बोलले होते तसं?”

“न्हाई वो. म्हून तर लई बरं वाटलं. सायबांनी वाचून दावला तवा मला रडूच फुटलं.” तिचे डोळे आताही भरून आले. “दुसऱ्या दिशी अप्पांच्या फोटूम्होरं हुबी ऱ्हायले. म्हनलं, अप्पा, जित्तेपनी एका शब्दानं बोलला न्हाईसा, पर ध्येनात ठिवलं हुतंसा. तीन वरीस झालं लिवून ठिवलं आन् मला कळू दिलं न्हाई.”

श्रीकर घोंगडीच्या दशा बघत होता.

“आता हा कागद घेऊन कचेरीत कोण जाणार?” बुवांनी विचारलं.

“मीच जानार की. सोमवारी. सायबांनी सांगितलंय, अर्जावर अंगठा माझाच लागतोय.”

“तिथे साहेबाने शपथेवर विचारलं, बाई, हा कागद खरा आहे का, तर?”

“खरा म्हून सांगीन.”

“शपथेवर?”

“देवाची आन घिऊन सांगीन. सायबांनी हातात दिल्यावं त्यात खोटं काय आसंल?” हे ती इतक्या सहज म्हणाली, की तिला उत्तराची अपेक्षाच नव्हती. “च्या ठिऊ का? दूध हाय न्हवं मठीत?”

“आहे. ठेवा.”

ती आत गेली. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला.

“तिला माहीत नाही,” श्रीकर म्हणाला. आवाज वकिलाचाच होता, पण जीव नव्हता त्यात. “खोटा आहे हे ठाऊक असून वापरला तर गुन्हा होतो. तिला ठाऊकच नाही. म्हणून तिच्यावर काही येत नाही.”

“म्हणून सांगितलं नाहीस तिला?”

“तिच्याच भल्यासाठी.”

“हं.”

“खरंच, बुवा. तिला वाचवायला.”

“एक माणूस दाखवा म्हणाला होतास,” बुवा म्हणाले.

श्रीकरची उरलेली दोन बोटंही केव्हाच खाली गेली होती. ज्या बाईसाठी हे सगळं केलं, नेमकं तिलाच त्याने फसवलं होतं. वर तिलाच देवाची शपथ घ्यायला लावणार होता. फोटोपुढे उभी राहून तिने जे म्हटलं, ते त्याला आठवलं.

त्याने मृत्युपत्राकडे हात केला. बुवांनी दिलं नाही.

“फाडतो म्हणालो होतो,” तो म्हणाला.

“नंतर. आधी दुसरा लिही.”

बुवांनी उशाखालून कोरे कागद काढले आणि लिहायला पाट त्याच्यापुढे सरकवला. श्रीकरने पेन उघडलं. इथे मात्र त्याला विचार करावा लागला नाही. याच माणसाच्या टेबलाशी बसून त्याने असे शंभर मसुदे उतरवले होते. लिहून देणार श्रीकर अप्पासाहेब निरगुडे. लिहून घेणार हौसाबाई सरगर. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, पूर्वेला गल्ली, पश्चिमेला माझंच राहतं घर. माझ्या खुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय. पानभर मजकूर त्याने एकाही खाडाखोडीशिवाय लिहिला आणि सहीची जागा मोकळी सोडली.

“हा कच्चा,” तो म्हणाला. “उद्या स्टॅम्पसह पक्का करून नोंदवायला लागेल.”

“ते तू मला शिकवू नकोस,” बुवा म्हणाले. “माझी पद्धत आठवते का?”

श्रीकरला आठवत होती. टेबलाशी बसायचे तेव्हाही बुवा देणाऱ्याला कागद वाचू द्यायचे नाहीत. कागद पालथा घालायचे आणि म्हणायचे, काय देतोयस ते घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघून सांग. कित्येक खरेदीखतं या पायरीवर मोडली होती. लोक चिडायचे, शेजारच्या टेबलावर जायचे. बुवांनी पद्धत सोडली नाही.

बुवांनी कागद पालथा घातला.

हौसाबाई चहाचं आधण ठेवून दारात आली होती. श्रीकर उठून तिच्यासमोर गेला. पुढ्यात तीन न्यायाधीश असते तरी तो इतका चाचरला नसता.

“हौसाबाई, मागच्या दोन खोल्या मी तुम्हांला देतोय.”

“व्हय, अप्पांनी...”

“अप्पांनी नाही. मी. अप्पांची इच्छा होती, ते बोलले होते, बुवांनीही ऐकलं. पण लिहून काही ठेवलं नव्हतं.” तो थांबला. “तो कागद मी केला. सही माझी. तुम्हांला खोटं सांगितलं.”

आत आधणाला उकळी फुटली, तरी हौसाबाई हलली नाही.

“मंग म्या फोटूम्होरं बोलले ते...”

“चुकलं माझं.”

तिने पदर सावरला आणि म्हणाली, “इच्छा हुती म्हनता न्हवं त्यांची?”

“होती. त्यात तिळभर खोटं नाही.”

“मंग अप्पांस्नी बोललेलं वाया न्हाई गेलं.” तिने डोळे पुसले. “पर तुमी वंगाळ केलंसा, सायेब.”

“हो.”

“वैनीसायबांस्नी ठावं हाय?”

“नाही.”

“आजच्याला सांगा. मला रोज त्यांच्या दारावरनंच जायाचं हाय. त्यांच्या मागारी घिऊन मी न्हाई ऱ्हायाची त्या घरात.”

“आज सांगतो. भांडण होईल. होऊ दे. पण मी दिलं असंच सांगेन.”

हे मात्र तो चाचरत बोलला नाही. स्वतःचा आवाज स्वतःलाच ओळखीचा वाटावा, असं त्याला वीस दिवसांत पहिल्यांदाच झालं होतं.

“मंग ह्यो खोटा कुटं ठिवायचा?” तिने हात पुढे केला. बुवांनी मांडीवरचं मृत्युपत्र तिला दिलं. तिने त्याची चौघडी केली आणि ती आत वळली.

“अहो, चुलीत घालताय?” श्रीकर म्हणाला.

“मंग काय देव्हाऱ्यात ठिवू? च्या व्हायचाय अजून.”

बुवा मोठ्याने हसले.

श्रीकरने पालथा कागद सुलटा केला आणि सही केली. बुवांनी न मागता पेन घेतलं, सहीखाली आपलं नाव घातलं आणि वेळही लिहिली. “उद्या अकरा वाजता कचेरीत येतो,” ते म्हणाले. “गाडी पाठव. तीच, पांढरी.”

चहा झाला. हौसाबाईने कप विसळले, निवडलेली मेथी टोपलीत झाकून ठेवली आणि ती गाडीकडे गेली. श्रीकर मात्र उठेना. कागद खिशात होता, काम संपलं होतं, तरी तो उंबऱ्याशी खांबाला टेकून उभाच होता.

“बुवा, एक सांगा.”

“विचार.”

“अप्पांनी स्वतः का नाही लिहिलं?” हे विचारताना त्याच्या आवाजात तक्रार होती, लहान पोराच्या आवाजात असते तशी. “हात गेला होता, मान्य. अंगठा तर होता. घरात वकील मुलगा. हाकेच्या अंतरावर तुम्ही. एक शब्द बोलले असते, तरी पाच मिनिटांचं काम होतं. मला हे सगळं करावंच लागलं नसतं. इतकं साधं त्यांना का सुचलं नाही?”

“मला सुचलं होतं,” बुवा म्हणाले. “पाडव्याला तू उठून गेल्यावर मी कागद काढला. शाईची डबीसुद्धा उघडली. म्हटलं, अप्पा, दे अंगठा, आत्ता करून टाकू. नको म्हणाला.”

“नको म्हणाले? का?”

बुवांनी चष्मा काढून उपरण्यावर ठेवला.

“म्हणाला, मुलगा आहे ना.”